धडा

त्यांनी माझं वजन केलं ते बूट, ओव्हरकोट
आणि खिशातल्या किल्ल्यांसकट.
जानेवारी होता. बूट नमद्याचे, बर्फाने ओलेचिंब.
डॉक्टरांनी आकडा लिहिला, वर न बघताच म्हणाले,
ग्राझिनाबाई, कमी करा.

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर
एकतीस वर्षं काढली आहेत.
बिटाचा ट्रक आला की आधी भरलेला तोलायचा, मग रिकामा,
मग बादलीभर बीट धुऊन बघायचं, माती किती निघते.
आधी भांड्याचा धडा करायचा, मग माल.
माती कुणाच्या नावावर चढवायची नाही.
एवढाच धडा शिकले. फार नाही.

बरगडीखालचं दुखणं अकरा वर्षांचं.
आधी ते वय होतं. मग नसा.
मग नवरा गेल्याचं दुःख.
(तो गेला त्याच्या आधीपासून दुखत होतं,
पण तो रकाना त्यांच्याकडे नव्हता.)
मग पित्ताशय. ते काढलं.
आठ आठवड्यांनी कागद आला, दोन ओळींचा:
तपासणीत पित्ताशय निरोगी आढळले.

निरोगी.
त्या शब्दावर रात्रभर बसून राहिले
कोंबडी अंड्यांवर बसते तशी.
दुखणं होतं तिथेच होतं,
त्याला फक्त शेजारची खोली रिकामी करून मिळाली होती.

ओरडले नाही कुणावर. पुन्हा गेले नाही, एवढंच.
कारखाना बंद पडला तेव्हा काट्याची एक कोरी वही
कोटाखाली घालून आणली होती.
तीन रकाने: भरलेलं, रिकामं, निव्वळ.
तीच काढली.
काय खाल्लं, किती झोपले, कुठे दुखलं,
किती बोटं रुंद.

खोटं कशाला बोलू, वेडेपणाही केला.
बहिणीने सांगितलेला कडू पाल्याचा काढा.
नऊ दिवस नुसता बिटाचा रस.
पाचव्या दिवशी लघवी लाल झाली
आणि मी, जिने अख्ख्या जिल्ह्याचं बीट तोललं ती मी,
स्वच्छ मोजे चढवून, नवी चादर घालून
मरायला आडवी झाले.
पहाटे आठवलं. अंधारातच हसले.
नवव्या दिवशी जिन्यात पडले ते मात्र खरं.
वरच्या मजल्यावरच्या व्हिएस्वावने उचलून आणलं.
काही बोलला नाही. सूप ठेवलं,
आणि दार ओढून घेताना वहीकडे एकदा बघितलं.

मार्चमध्ये वही बोलली.
पाव. रोजचा, राईचा, आईच्या हातापासूनचा पाव.
ज्या दिवशी तो नाही, त्या दिवशी निव्वळचा रकाना कोरा.
बंद केला. चौदा आठवडे झाले,
उजव्या कुशीवर झोपते आहे.
बेकरीसमोरून जाताना रस्ता ओलांडते,
जुन्या प्रियकराचं घर असावं तशी.

जिंकले म्हणणार होते.
पण डाव्या हाताची दोन बोटं
सकाळी उठत नाहीत माझ्याबरोबर.
ते पावाचं नाही. झोपेचं नाही. बिटाचं तर नाहीच.
समासात लिहून ठेवते रोज, लहान अक्षरात,
स्वतःपासून लपवल्यासारखं.

दर मे महिन्यात वजनमाप खात्याचा झेनॉन यायचा,
वीस लोखंडी वजनं घेऊन काटा तपासायला.
एकदा विचारलं, आणि ही वजनं कोण तपासतं?
म्हणाला, बिदगोश्चची वजनं.
आणि त्यांना? वॉर्साची.
आणि त्यांना? त्याने चहा मागितला.
दरवर्षी काट्यात काही ग्रॅमची चूक निघायचीच,
आणि दरवर्षी मला राग यायचा.
माझा काटा!

गुरुवारी दवाखान्यात आता नवी मुलगी बसते म्हणे.
वही पिशवीत घातली. काढली. परत घातली.
गेलेच, तर बूट दारातच काढीन,
कोट खुंटीला, किल्ल्या कोटात.
आणि चढायच्या आधी म्हणेन,
पोरी, जरा बाजूला हो,
आधी रिकामा दाखव.